ब्रूक्स बी१७: लांब पल्ल्यासाठी सायकलची चामड्याची सीट

दुकानात ब्रूक्स कंपनीची ही सीट अंगठ्याने दाबून बघितली तर तसूभर दबत नाही, आणि बरेच जण तिथेच ती परत ठेवतात. जेलचं जाड कव्हर हाताला मऊ लागतं खरं, पण पन्नासेक किलोमीटरनंतर हाडं त्यात रुततात, मधला भाग फुगून वर येतो आणि नको तिथे मुंग्या येतात. बी१७मध्ये फोम नाहीच. पोलादी सांगाड्यावर मागून पुढे एकच जाड चामडं ताणून रिव्हेटनी ठोकलेलं असतं, बाजेच्या नवारीसारखं. काहीशे किलोमीटर झाले की बसायच्या हाडांखाली दोन उथळ खळगे पडतात. तोवर थोडं सोसावं लागतं.

घेण्याआधी माप बघा. कडक पाटावर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेवून, गुडघे थोडे वर घेऊन त्यावर बसा. उठलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात २० ते २५ मिमी मिळवा; तेवढी रुंदी सीटला हवी. बी१७ची रुंदी सुमारे १७५ मिमी आहे, पण कडेची पोलादी पट्टी टोचू नये म्हणून तेवढी सगळी वापरता येत नाही. हँडल सीटच्या पातळीला किंवा वर असेल तर ही सीट जमते; रेसिंगच्या बसणीत पुढे वाकलात तर कडा मांडीला घासतात. वजन अर्धा किलोच्या वर, त्यामुळे ग्रॅम मोजणाऱ्यांनी नाद सोडावा.

बसवताना सगळ्यात जास्त चुका होतात. फोमची सीट आपण सपाट ठेवतो. हिचं नाक मात्र किंचित वर हवं. सपाट ठेवली की माणूस पुढे घसरतो, सगळा भार तळहातांवर येतो आणि दोष सीटला मिळतो. खालच्या दांड्यांचा सरळ भाग आखूड असल्याने सीट फारशी मागे सरकत नाही, म्हणून मागे झुकलेला सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्यावर बसते तो दांडा, लागतो. साध्या सायकलचा सीट पकडणारा दातेरी क्लॅम्प कोन एकेका दात्याने बदलतो. एक दाता कमी पडतो, पुढचा जास्त होतो. दाते झिजले असतील तर खड्ड्यात सीट मागे कलंडते. दोन बोल्टवाला सीटपोस्ट घ्या, पैसे वाया जात नाहीत.

नाकाखालच्या नटाला उगाच हात लावू नका. तो चामडं ताणायला असतो, सीट मऊ करायला नाही. मध्ये झोळ आला आणि कडा बाहेर फाकल्या तरच पाव फेरा, मग आठवडाभर चालवून बघा. अति ताणलं तर चामडं रिव्हेटपाशी चिरतं.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्यात. कंपनीचं प्रूफाइड नावाचं मेण वरून पातळ आणि खालून जरा सढळ हाताने लावा, रात्रभर ठेवून सुक्या फडक्याने पुसा. पुढे वर्षातून दोन-तीनदा पुरे. खोबरेल तेल मात्र नको; चामडं लिबलिबीत होतं आणि पुन्हा सावरत नाही. मागच्या चाकाला मडगार्ड नसेल तर पाणी उघड्या खालच्या बाजूने मुरतं, वरचं कव्हर कितीही चांगलं असो. ओल्या सीटवर बसून पुढे चालवलं की ताण कायमचा जातो. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा ड्रायरने नाही. प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवली की कोकणात चार दिवसांत हिरवट बुरशी दिसते. नवी असताना रंगही सुटतो, तेव्हा फिक्या पँटचा मोह टाळा.

चामडं गाईचं आणि प्रूफाइडमध्येही प्राण्याची चरबी असते. ते चालणार नसेल तर याच कंपनीची कँबियम सी१७ बघा. ती रबर आणि कापडाची आहे, पावसाची चिंता नाही आणि पहिल्या दिवसापासून बसता येतं. पण रुंदीला बी१७पेक्षा सेंटीमीटरभर कमी आहे, तेव्हा पुठ्ठ्यावरचं माप पुन्हा एकदा काढा.