लाल डोक्याचा जिओफॅगस: सांगलीत अकरा महिने सांभाळल्यावर

गेल्या जुलैत या माशाची पाच पिल्लं आणली, जेमतेम दोन-दोन इंचांची. टँक चार फुटी, अडीचशे लिटरचा, आणि ठेवलाय वरच्या मजल्यावर. २०१९ चा पूर घरात शिरलेला पाहिल्यावर तळमजल्यावर काही ठेवायचा धीर होत नाही.

दुकानदाराने सोबत रंगीत खडी दिली, "चालते" म्हणाला. नाही चालत. मासे एखादा खडा उचलायचे, टाकायचे, आणि आठवडाभरात त्यांनी खाली वाकणंच सोडलं. नुसते कोपऱ्यात उभे. शेवटी खडी काढली, गिलाव्याची बारीक नदीची वाळू चाळून, दहा-बारा पाण्यांनी धुऊन घातली. दहा मिनिटांत पाचही जण डोळ्यांपर्यंत वाळूत! त्या रात्री जेवायला तीन हाका माराव्या लागल्या मला.

जिओफॅगस म्हणजे ग्रीकमध्ये माती खाणारा. हेकेल या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १८४० मध्ये हे नाव दिलं. प्रत्यक्षात हा मासा माती पाखडतो. वाळूचा घास घ्यायचा, घशातल्या दुसऱ्या जबड्यांनी नि कल्ल्यांच्या कमानींनी चाळायचा, अळ्या, बिया, बारीक जीव तेवढे ठेवायचे, आणि वाळू कल्ल्यांतून धार लावून सोडायची. आजी सुपात गहू पाखडायची तेव्हा कोंडा असाच अलगद पुढे पडायचा. दिवसभर हेच काम. म्हणून सांगतो, वाळू ही या माशाची सजावट नव्हे, ताट आहे. आधी वाळू आणा, मग मासा.

वाळूत दोन गोष्टी बघा. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, नको; तिच्या धारदार कडा कल्ल्यांना इजा करतात. आणि चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुनखडे आहेत, पाणी जड होणार. मी बोअरचं पाणी याच कारणाने टाळतो. नळाचं पाणी त्यातलं क्लोरीन घालवून घेतो, आठवड्याला तिसरा हिस्सा बदलतो. पाणी शिळं झालं की या माशांच्या डोक्यावर खड्डे पडायला लागतात.

त्रास? वाळू फिल्टरमध्ये जाऊन इम्पेलर, म्हणजे त्यातला पाणी ओढणारा पंखा, झिजला. आता फिल्टरचं पाणी ओढणारं तोंड वर घेऊन त्यावर स्पंज लावलाय. वनस्पती एकही टिकली नाही, सगळ्या उपटल्या. थंडीत हीटर लागतोच, २७-२८ अंशांच्या खाली ते मलूल होतात. मासा वाढतो आठ-नऊ इंचांपर्यंत, त्यामुळे माझाही टँक पुढे अपुरा पडणार.

यांचं मूळ गाव ब्राझीलमधली तापाजोस, ॲमेझॉनला मिळणारी नितळ पाण्याची नदी. वर्षानुवर्षं हौशी लोक त्यांना 'रेड हेड तापाजोस'च म्हणत. शास्त्रीय नाव, जिओफॅगस पायरोसेफॅलस, २०२२ मध्ये मिळालं. त्या नदीत सोन्याच्या खाणींचा गाळ आणि पारा उतरतो हे वाचल्यापासून वाळू धुताना मला तो गाळ आठवतो. आणि हात जोडून सांगतो, मासे कंटाळवाणे झाले म्हणून कृष्णेत सोडू नका. चिलापीही याच सिक्लिड कुळातली, १९५२ मध्ये बाहेरून देशात आणलेली. आता आपल्या नद्यांमधून ती काढणं कोणाच्या हातात राहिलेलं नाही.

एप्रिलमध्ये एका जोडीने सपाट दगड घासूनपुसून अंडी घातली. पुढे पिल्लं आई-बाप दोघांच्या तोंडात! सावली पडली की सगळी पिल्लं सरसर जबड्यात परत. आता मागायला येणारे बरेच आहेत. त्यांच्याकडून मी आधी टँकच्या तळाचा फोटो मागतो.