नागपूर–पुणे: विमान की रेल्वे?

भाचीचा फोन आला, "मामा, दिवाळीला पुण्याहून विमानाने येऊ की गाडीने?"

हवाई अंतर सरळ रेषेत जेमतेम 600 किलोमीटर. रेल्वे मात्र दौंड-मनमाड-भुसावळ असा वळसा घेत 880च्या पुढे जाते.

वेळ: विमान हवेत साधारण सव्वा-दीड तास. पण तेवढ्यावर भाळू नये. लोहगावला दोन तास आधी पोचा, रांगा लावा, इकडे सोनेगावला पट्ट्यावर बॅगेची वाट बघा. दार ते दार पाच तास धराच. वंदे भारतला बारा तास, रात्रीच्या गाड्यांना बहुधा त्याहून जास्त. तरी रात्रीचा प्रवास झोपेतच जातो, सुट्टीचा दिवस खर्ची पडत नाही.

खर्च: दिवाळीत विमानाचं भाडं दर तासाला वेगळं दिसतं. स्लीपर त्यापुढे चिल्लर, फक्त आरक्षण दोन महिने आधी हवं.

सामान: विमानात बहुधा 15 किलो. परतताना आई संत्र्यांची पेटी देणार, तिचं काय?

दोनच दिवसांची रजा असेल तर विमान. आठवडा हातात असेल, तर रात्रीची गाडी, खालचा बर्थ.