पीएचक्यू-९ चा ऑनलाइन फॉर्म: सात महिने वापरल्यावर

नैराश्याची चाळणी म्हणून नऊ प्रश्नांचा पीएचक्यू-९ मराठीत, मोबाइलवर सात महिने वापरला. चाळणी म्हणून चांगला, निदान म्हणून अजिबात नाही.

प्रश्न मागच्या दोन आठवड्यांचे, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासायचं. २००१ च्या मूळ अभ्यासात या रेषेवर नैराश्य असलेले ८८ टक्के सापडले आणि नसलेले ८८ टक्के बरोबर बाजूला निघाले. ऐकायला झकास! पण हजारांत शंभरांना नैराश्य धरलं तर सापडतात ८८, आणि उरलेल्या नऊशेंतले १०८ उगाच अडकतात.

हे १०८ कोण? सोलापूरच्या पूर्व भागातला रात्रपाळीचा यंत्रमाग कामगार घ्या. मे महिना, पत्र्याचं घर, दिवसा डोळा लागत नाही. झोप ३, थकवा ३, भूक २, लक्ष न लागणं २: झाले १०. पहिले दोन प्रश्न मात्र, कशात रस नसणं आणि उदास वाटणं, दोन्ही शून्य. म्हणून बेरजेआधी हे दोन बघा. एकातही २ नसतील तर आधी कामाच्या वेळा विचारा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा.

‘निम्म्याहून जास्त दिवस’ हा पर्याय बहुतेकांच्या डोक्यावरून जातो. त्याखाली ‘१४ पैकी ७ पेक्षा जास्त’ असं लिहा.

विडी वळणाऱ्या बाईच्या घरात फोन एकच, तोही मुलाकडे. प्रश्न तो तेलुगूत सांगतो, उत्तर आईचं, बोट त्याचं. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दलचा नववा प्रश्न आई मुलासमोर कसा कबूल करणार? तिथलं शून्य धरू नका, तिच्याशी एकटीशी बोला.

नवव्यात १ आला तरी बेरीज बाजूला ठेवून त्याच दिवशी फोन. फॉर्म रात्री दोनलाही भरला जातो, तेव्हा शेवटच्या पानावर नुसतं ‘धन्यवाद’ नको. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोठ्या अक्षरात हवा, तो चोवीस तास चालू असतो.

उन्मादाबद्दल (मेनिया, म्हणजे मन अवाजवी चढलेलं असणं) फॉर्म काहीच विचारत नाही. गोळ्या सुरू होण्याआधी डॉक्टरांनी तेवढं विचारलंच पाहिजे.

आणि भरायला लागलेला वेळ नोंदवा. वीस सेकंदांत नऊ शून्यं आली, तर तो फॉर्म वाचलेलाच नाही.