१८,००० लिटरचे तळे

नाशिकला घर बांधले तेव्हा मागच्या अंगणात आम्ही एक लंबगोल तळे करून घेतले होते. त्याची लांबी १४ फूट, रुंदी ९ फूट, मधोमध खोली ४ फूट आणि कडेकडेने ते उथळ होत गेलेले. त्यात कुमुदाच्या तीन कुंड्या, चार कोई, पंधराएक गोल्डफिश आणि डास होऊ नयेत म्हणून महापालिकेच्या मलेरिया विभागातून आणून सोडलेले गप्पी मासे होते. सहा वर्षे या तळ्याने आम्हाला कसलाही त्रास दिला नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये मात्र पाणी हिरवे होऊ लागले आणि गुढीपाडव्यापर्यंत ते इतके गडद झाले की वीतभर खाली असलेली कुंडीची कडसुद्धा दिसेना.

पुढे जे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण असे तळे किंवा माशांची मोठी टाकी आता पुष्कळ बंगल्यांत आणि सोसायट्यांत असते आणि उन्हाळा आला की ‘पाणी काचेसारखे करून देतो’ असे सांगणारी माणसेही फिरू लागतात. मी स्वतः जलसंपदा विभागात शाखा अभियंता होतो. नोकरीची एकतीस वर्षे कालव्यांचे खोदकाम आणि भराव मोजून मोजमाप पुस्तकात नोंदवण्यात गेली, आणि तरीही स्वतःच्या अंगणातले तळे मी दुसऱ्याला मोजू दिले, याची लाज मला पैसे गेल्यापेक्षा जास्त वाटते.

ओळखीतून आलेला तो तरुण नीटनेटका होता, बोलायला आदबशीर होता, आणि मला ‘काका’ म्हणत होता. आल्याआल्या त्याने तळ्यातले हिरवे पाणी एका काचेच्या बाटलीत भरून घेतले, चिमूटभर पांढरी भुकटी टाकली, बाटली हलवली आणि ती कट्ट्यावर ठेवली. चहा होईपर्यंत हिरवा रंग दूध फाटावे तसा फाटून तळाशी बसला होता आणि वरचे पाणी नितळ झाले होते. आमच्या घरातली सगळी माणसे ती बाटली हातात घेऊन पाहत होती. लहानपणी पावसाळ्यातले गढूळ पाणी हंड्यात भरल्यावर आजी तुरटीचा खडा फिरवत असे, हे घरातल्या कोणालाही त्या क्षणी आठवले नाही. त्याने भुकटीचे नाव ‘इंपोर्टेड एन्झाइम’ असे सांगितले आणि आम्ही ते मान्य केले.

मग त्याने टेप काढली. लांबी १४, रुंदी ९, खोली ४, म्हणजे ५०४ घनफूट; घनफुटाला २८.३ लिटर या हिशेबाने सुमारे १४,२६० लिटर. आणि त्यावर गाळ व झाडे यांच्यासाठी २५ टक्के वाढ धरून १८,००० लिटर. लिटरमागे अडीच रुपये, म्हणजे ४५,०००. शिवाय अतिनील दिव्याचा फिल्टर १४,०००. हा सगळा गुणाकार माझ्यासमोर झाला आणि गुणाकार बरोबर असल्यामुळे मी मान डोलावली. लंबगोलाचे क्षेत्रफळ आयताच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच भरते, तळ उतरता असेल तर सर्वाधिक नव्हे तर सरासरी खोली धरायची असते, आणि गाळ व कुंड्या पाण्याची जागा व्यापतात म्हणून त्यांच्यासाठी आकडा कमी करायचा असतो, वाढवायचा नसतो. या तिन्ही गोष्टी मी कनिष्ठांना शेकडो वेळा समजावून सांगितलेल्या होत्या. सरासरी अडीच फूट खोली धरून मी नंतर हिशेब केला तेव्हा तळ्यात सुमारे ७,००० लिटर पाणी भरले. त्याच्याच दराने १७,५०० रुपये होत होते.

बिलाचा विषय मी काढला, तेव्हा ‘पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के वर जातील, काका’ असे उत्तर मिळाले. पैसे त्याच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने गेले. पावती म्हणून वहीतला एक कागद मिळाला, त्यावर ना नोंदणी क्रमांक होता ना औषधाचे नाव.

पहिल्या दिवशी त्याने निळसर द्रवाचा एक कॅन तळ्यात चारी बाजूंनी ओतला आणि त्यानंतर ती पांढरी भुकटी पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यातल्या गोगलगायी पाण्याबाहेर कठड्यावर चढून बसलेल्या दिसल्या आणि दुपारपर्यंत बहुतेक मरून पडल्या. फोन केल्यावर ‘पाणी विषारी घटक बाहेर टाकते आहे, दोन दिवस थांबा’ असे सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी पाणी खरोखरच काचेसारखे झाले. नातवाने कधीकाळी टाकलेले नाणे तळाशी चमकताना दिसत होते. मी त्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले, आणि याहून वाईट म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या एका स्नेह्यांना त्या तरुणाचा क्रमांकही दिला.

पाचव्या दिवशी पहाटे साडेपाचला फिरायला निघालो तेव्हा मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळत होते. सूर्य उगवेपर्यंत तीन कोई आणि अकरा गोल्डफिश उताणे झाले होते. राहिलेला कोई, ज्याला घरात सगळे ‘म्हातारा’ म्हणत, संध्याकाळी गेला.

तो तरुण आला, त्याने खेद व्यक्त केला, आणि तळ्यात हवा सोडणारा पंप नव्हता म्हणून असे झाले, असे सांगून ६,५०० रुपयांचा पंप बसवून गेला. तीन आठवड्यांत पाणी पुन्हा हिरवे झाले, या वेळी पहिल्यापेक्षाही गडद. तेव्हा ४,८०० रुपयांचे ‘बॅक्टेरिया कल्चर’ आले, ज्याला गुळाच्या काकवीसारखा वास येत होता. एव्हाना एकूण ७०,३०० रुपये गेले होते आणि तळ्यात फक्त काही गप्पी उरले होते.

हा प्रकार उघड झाला तो माझ्या हुशारीने नव्हे. मे महिन्यात निफाड तालुक्यातले आमचे व्याही लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. त्यांची द्राक्षबाग आहे. मागच्या पडवीत हात धुताना त्यांचे लक्ष तो रिकामा कॅन ठेवला होता तिकडे गेले. कॅनच्या तोंडाशी निळे-हिरवे पापुद्रे धरले होते. ‘अहो व्याही, तुम्ही बोर्डो कशासाठी करता?’ असे त्यांनी विचारले. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद (तांब्याचे निळे सल्फेट) आणि चुना. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो, आणि द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगासाठी नाशिक जिल्ह्यात ते पिढ्यान्‌पिढ्या फवारले जाते. चुना कमी पडला की पाने करपतात, म्हणून फवारणीपूर्वी शेतकरी त्यात लोखंडाचे पाते बुडवून पाहतात. पाते तांबडे झाले तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून आणखी चुना घालतात. व्याह्यांनी माझ्या हत्यारांच्या पेटीतला एक खिळा दगडावर घासून स्वच्छ केला आणि कॅनच्या तळाशी राहिलेल्या ओंजळभर द्रवात सोडला. पाच मिनिटांनी काढला तेव्हा तो तांबडा झाला होता. मोरचुदाच्या द्रावणातले तांबे लोखंडावर बसते, हा शाळेत केलेला प्रयोग. कृषी सेवा केंद्रात किलोला काही शे रुपयांना मिळणारी वस्तू मी महागडे औषध म्हणून विकत घेतली होती.

मोरचूद शेवाळ मारते, यात खोटे काही नाही, आणि मत्स्यशेतीतही ते वापरतात. पण तिथे आधी पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, तपासतात. प्रचलित नियम असा की एकूण अल्कतेच्या आकड्याला १०० ने भागून येईल तितके मिलिग्रॅम मोरचूद एका लिटरला द्यायचे आणि अल्कता ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर त्याच्या वाटेला जायचे नाही, कारण मृदू पाण्यात तांबे माशांना फार लवकर बाधते. आमचे नळाचे पाणी गंगापूर धरणाचे, म्हणजे बोअरच्या पाण्याच्या मानाने हलके. त्यात पांढऱ्या भुकटीतल्या तुरटीने पाण्याचा आम्लपणा वाढवला. आणि मात्रा दिली ती १८,००० लिटरची, ७,००० लिटर पाण्यात, म्हणजे अडीच पटीहून जास्त. मोजमाप फुगवले गेले ते पैशांसाठी. पण मासे मेले तेही त्याच फुगवलेल्या आकड्याने, हे मला फार उशिरा उमगले.

माशांना मारण्यात ऑक्सिजनच्या कमतरतेचाही हात होता, त्यामुळे त्या तरुणाचे म्हणणे अर्धेच खोटे होते. पाण्यात तरंगणारे शेवाळ एकाच वेळी मेले की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात; रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असते, म्हणून ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो; आणि उन्हाळ्यात पाणी तापलेले असल्यामुळे मुळात त्यात कमीच विरघळतो. हे ठाऊक असणारा माणूस पंप आधी बसवतो, मासे मेल्यावर विकत नाही. शेवाळ परत आले त्याचेही कारण हेच, की मेलेल्या शेवाळातले नत्र आणि स्फुरद तळ्यातच राहिले आणि नव्या शेवाळाला खत मिळाले.

अतिनील दिव्याचे तर हसू येते. खऱ्या दिव्यात क्वार्ट्झच्या नळीत बसवलेली, सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण देणारी नळी असते, तिच्याभोवतीच्या बंद कवचातून पाणी फिरते आणि ती उघड्या डोळ्यांनी पाहायची नसते, कारण डोळ्यांना आणि त्वचेला इजा होते. आमच्या विक्रेत्याने दिवा लावून हातात धरला होता, डोळे मिचकावत आम्हाला दाखवला होता, आणि ‘बघा, किती पॉवरफुल आहे’ असे म्हटले होते. इलेक्ट्रिशियनने तो उघडला तेव्हा आत निळ्या एलईडीची साधी पट्टी निघाली.

पाणी पहिल्यांदा हिरवे का झाले, याचे उत्तर मी जूनमध्ये शोधले, जे मार्चमध्ये शोधायला हवे होते. जानेवारीत छतावर सौर पॅनेल बसवताना सावली पडते म्हणून आम्ही पश्चिमेचा शेवगा तोडला होता, त्यामुळे तळ्यावर दुपारचे ऊन थेट पडू लागले. आणि नातवंडे दिवसातून पाच-सहा वेळा माशांना खाणे टाकत होती. ऊन आणि खत, शेवाळाला याहून जास्त काही लागत नाही.

तांबे कुजत नाही, ते गाळात बसून राहते. म्हणून तळे पूर्ण उपसून गाळ खरवडून काढावा लागला आणि तो झाडांना घातला नाही. उरलेले गप्पी तेवढे दिवस ड्रममध्ये ठेवले. नवे पाणी भरून एक दिवस उघडे ठेवले, मग हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालून क्लोरीन घालवला. पश्चिमेला पन्नास टक्के सावलीची शेडनेट बांधली. कुमुदाच्या कुंड्या तीनवरून सहा केल्या, जेणेकरून पानांनी निम्मे पाणी झाकावे, आणि कडेला कर्दळ व वाळा लावला, कारण दोन्ही वनस्पती पाण्यातले नत्र ओढून घेतात. पंप ताशी ३,५०० लिटरचा घेतला, म्हणजे सगळे पाणी दोन तासांत एकदा फिरते. फिल्टर म्हणून प्लास्टिकच्या क्रेटमध्ये स्पंज आणि धुतलेली खडी आहे. ती नळाखाली न धुता तळ्याच्याच पाण्यात बादलीत विसळायची, कारण माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू तिथेच राहतात आणि नळाच्या क्लोरीनने ते मरतात. हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यासाठी बाटलीतल्या द्रवावर विसंबून चालत नाही. त्या काळात मी थेंबांच्या किटने दर तिसऱ्या दिवशी अमोनिया तपासत होतो आणि तो शून्यावर आल्यानंतरच चार गोल्डफिश सोडले. पाणी आज काचेसारखे नाही, किंचित चहाच्या रंगाचे आहे. पण दोन फुटांवरची कुंडी स्पष्ट दिसते आणि त्यात चतुराच्या अळ्या आहेत.

पैशांचे सांगायचे तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली. दिवा आमच्या ताब्यात असल्यामुळे त्याचे १४,००० परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. बिल नसल्यामुळे यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे संदेश, तो कॅन आणि तो दिवा एवढाच पुरावा आहे. मेलेल्या माशांचे आणि पाण्याचे नमुने त्याच दिवशी तपासायला द्यायला हवे होते, ते दिले नाहीत, आणि आमची बाजू तिथेच लंगडी पडते.

ज्या स्नेह्यांना मी क्रमांक दिला होता, त्यांच्याकडे जाऊन सगळे सांगणे भाग होते. त्यांनी अजून पैसे दिलेले नव्हते, फक्त कोटेशन आले होते: ५,५०० लिटर. मी माझी जुनी टेप नेली होती. त्यांची टाकी सरळ चौकोनी, ८ फूट लांब, ५ फूट रुंद, त्यात पाणी २ फूट. त्यांनी एक टोक धरले, मी दुसरे धरले, आणि वहीत तारीख घालून नोंद केली: २,२६४ लिटर.