सांबा घेऊ की गझेल?

दोन्ही आदिदासचेच शूज, दोन्हीला बाजूला त्याच तीन पट्ट्या, त्यामुळे दुकानात उभं राहिलं की डोकं गरगरतं. पण हातात घेतले की फरक लगेच कळतो. सांबा मुळात गोठलेल्या, कडक मैदानावर फुटबॉल खेळायला बनवलेला, म्हणून त्याचं ते तपकिरी गम सोल (रबराचा तळ) आणि ग्रिप, वरचं लेदर गुळगुळीत आणि फक्त पुढे बोटांवर स्वेडचा, म्हणजे मखमलीसारख्या लेदरचा, तुकडा. गझेल १९६६ चा, जवळपास सगळाच स्वेड, बोट फिरवलं की रंग गडद-फिका होतो ना तेच, आणि रंग पण काय एकेक येतात त्यात, हिरवा तर बघतच राहावं असा.

दिसायला मला विचाराल तर गझेल, डोळे झाकून. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय करायचं? माझे एक जुने स्वेडचे शूज (वेगळेच होते) ठाण्याला स्टेशनबाहेरच्या डबक्यात गेले ते वाळल्यावर पापडासारखे कडक झाले, ब्रश मारून मारून हात दुखला. सांबाचं काय, ओल्या फडक्याने पुसा आणि निघा, पुढचा तो तुकडा तेवढा सांभाळायचा.

फक्त सांबा जरा अरुंद वाटतो, पाय रुंद असेल तर अर्धा साइझ मोठा घालून बघा, तेही संध्याकाळी, पाय सुजलेले असताना. आणि दोन्हीचं सोल सपाट आहे हां, रोज पळायला वगैरे घेत असाल तर दोन्ही नकोत.

मी सांबा घेतला. गझेल दिवाळीनंतर बघू.