ॲपल टू की टीआरएस-८०?

१९७७ साली अमेरिकेत घरी कॉम्प्युटर घ्यायचा तर पहिला प्रश्न खिशाचा. टँडी कंपनीचा टीआरएस-८० मॉनिटर आणि (प्रोग्रॅम साठवायच्या) कॅसेट रेकॉर्डरसकट ६०० डॉलरला मिळे. ॲपल टू १,२९८ डॉलरला, तोही ४ केबी मेमरीचा आणि पडद्याविना. टीव्ही तुमचा तुम्ही जोडायचा! शिवाय टँडीची स्वतःची रेडिओ शॅक दुकानं देशभर होती. सुरुवातीची काही वर्षं विक्रीत तीच पुढे राहिली, यात नवल नाही.

वेगाच्या आकड्यांवर मात्र जाऊ नये. टँडीचा झेड-८० प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर चाले, ॲपलचा ६५०२ जेमतेम १ वर. पण ६५०२ एकेक सूचना कमी चक्रांत, म्हणजे घड्याळाच्या कमी ठोक्यांत, उरकतो.

खरा फरक झाकण उघडल्यावर दिसे. स्टीव्ह वॉझनिॲकने ॲपल टूमध्ये ८ स्लॉट, म्हणजे जास्तीची सर्किट-कार्डं खोचायच्या खाचा, ठेवले होते. हवं ते कार्ड खोचा, यंत्र वाढवा. १९७८ मध्ये त्याच वाटेने डिस्क टू हा फ्लॉपी ड्राइव्ह आला, नि कॅसेटची रडकथा संपली. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क ही स्प्रेडशीटही आधी ॲपल टूवरच आली. तिच्यापायी लोक अख्खा कॉम्प्युटर विकत घेऊ लागले. शिवाय ॲपलवर रंगीत चित्रं. टीआरएस-८०चा पडदा काळा-पांढरा, त्यात मूळ मॉडेलवर इंग्रजीची फक्त कॅपिटल अक्षरं.

टीआरएस-८०मुळे शेजारच्या रेडिओतही खरखर येई. हस्तक्षेपाचे सरकारी नियम कडक झाले आणि १९८१ मध्ये टीआरएस-८०चं हे मूळ मॉडेल, मॉडेल वन, बंद पडलं. ॲपल टूची मालिका १९९३ पर्यंत टिकली. स्वस्तातला टीआरएस-८० मी शिकण्यापुरता घेतला असता. पैसे असते तर ॲपलच.