व्हिसा आला म्हणजे तिकीट निघालं असं नव्हे

होई आन आणि अंकोरवाट, सहा रात्री सात दिवस, माणशी ७८ हजार. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांत परदेशी सहलीचा हा कागद येतो तो ओळखीतूनच, आणि फसवणूकही त्याच ओळखीतून होते. मंडळाचा कार्यकर्ता, पतसंस्थेतला कोणी, नाहीतर भिशीतल्या वहिनींचा भाऊ. माणूस मराठी बोलणारा, येताना कुंद्याचा डबा आणणारा. ‘काय वो काका, आपल्याच माणसाला फसवीन काय मी?’ हे तो पहिल्याच भेटीत म्हणतो, कोणी विचारलेलं नसताना.

कार्यक्रम मात्र खरोखर चांगला असतो, म्हणून तर घर भुलतं. मध्य व्हिएतनाममधलं होई आन हे जुनं बंदर १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. जुन्या पेठेत ठरावीक वेळी मोटारी बंद असतात, रस्ते सपाट, आजी-आजोबांना निवांत फिरता येतं. जवळच मी सन इथे चाम राजांनी बांधलेली शिवाची देवळं. पुढे विमानाने कंबोडिया आणि तिथली अंकोरची जुनी देवळं.

सहा जण धरा: आजी-आजोबा, मुलगा-सून, चौदा वर्षांची नात, नऊ वर्षांचा नातू. एकूण ४ लाख ६८ हजार. आधी माणशी दहा हजार टोकन. मग आठवडा-पंधरवड्यात सहाही जणांचे व्हिएतनामचे व्हिसा मोबाइलवर येतात आणि घरात पेढे वाटायचंच काय ते बाकी राहतं. हे व्हिसा शंभर टक्के खरे असतात. गोम तिथेच आहे.

व्हिएतनामच्या ई-व्हिसाची सरकारी फी एकदाच प्रवेशासाठी २५ डॉलर आहे. सहा जणांचे १५० डॉलर, म्हणजे साधारण तेरा हजार रुपये. अर्जाला पासपोर्टच्या पानाचा फोटो, चेहऱ्याचा फोटो, प्रवेशाची तारीख, विमानतळ आणि राहण्याचा पत्ता लागतो. विमानाचं तिकीट लागत नाही. साठ हजार टोकन घेऊन तेरा हजारांचं खरं काम करून दाखवलं की उरलेले चार लाख मागायला तोंड उजळ होतं. पुढे प्रकरण पोलिसांत गेलं तरी ‘मी व्हिसा काढून दिला की, बाकीचा वाद धंद्यातला’ असं म्हणायला तो मोकळा.

पण तोच व्हिसा नीट वाचला तर माणूस तिथेच उघडा पडतो. व्हिसावर प्रवेशाचा विमानतळ छापलेला असतो. होई आनला जायचं तर उतरायचं दा नांगला, तीसेक किलोमीटरवर. व्हिसावर हो ची मिन्ह सिटीचा तान सोन न्यात विमानतळ असेल आणि कार्यक्रमात दा नांग, तर एकतर त्याला काम येत नाही किंवा पाठवायचंच नाही. दुसरी खूण ‘सिंगल’ आणि ‘मल्टिपल’ या शब्दांत. कंबोडिया पाहून पुन्हा व्हिएतनाममध्ये एक रात्र मुक्काम लिहिला असेल, तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. अनेकदा प्रवेशाचा लागतो आणि त्याची फी ५० डॉलर. सहलीवर खरंच माणसं नेणारा इथे २५ डॉलर वाचवत नाही.

दुसरा हप्ता मागताना येते ती तिकिटाची पीडीएफ. त्यावर सहा अक्षर-अंकांचा पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, आणि ठळक ‘कन्फर्म्ड’. हा शब्द फसवा आहे. एजंटाच्या बुकिंग यंत्रणेत पैसे न भरता जागा धरून ठेवता येते. जागा धरली म्हणून कन्फर्म्ड. तिकीट निघालेलं नसतंच. मुदत संपली की जागा आपोआप सुटते. एअर इंडिया किंवा सिंगापूर एअरलाइन्ससारख्या कंपनीचं तिकीट निघालं की प्रत्येक प्रवाशाला तेरा आकडी तिकीट क्रमांक मिळतो. पहिले तीन आकडे कंपनीचे: एअर इंडियाचे ०९८, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८. पीएनआर आहे पण तिकीट क्रमांक नाही, तर पुढचा हप्ता थांबवा. स्वस्त विमानकंपन्यांत पीएनआरवरच काम चालतं. तिथे कंपनीच्या स्वतःच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून पैसे भरलेले दिसतात का ते पाहायचं. एजंटाने पाठवलेल्या लिंकवर नाही, कंपनीच्या साइटवर.

एकदा तपासून मात्र भागत नाही. परत करता येणारं तिकीट काढायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, हप्ता घ्यायचा आणि चार दिवसांनी रद्द करायचं, हाही प्रकार आहे. परतावा ज्याने पैसे भरले त्याच्या खात्यात जातो, म्हणजे एजंटाच्या. म्हणून बुकिंगमध्ये संपर्कासाठी मोबाइल आणि ई-मेल घरातल्या माणसाचाच घालायला लावा. तिकीट रद्द झालं की कंपनीचा संदेश थेट येतो. ‘सिस्टीम घेत नाही काका’ हे उत्तर खोटं आहे. हॉटेलचंही तसंच: फुकट रद्द होणारं, तिथे गेल्यावर पैसे द्यायचं बुकिंग व्हाउचर म्हणून दाखवतात. हॉटेलला थेट ई-मेल करून दोनच गोष्टी विचारा: या नावाने बुकिंग आहे का, आणि पैसे भरलेत का.

अंकोरची देवळं पाहायला लागणाऱ्या पासवर तर सरळ थाप असते. एक दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. पासवर ज्याचा त्याचा फोटो असतो, दुसऱ्याला चालत नाही. त्यामुळे तुमचा फोटो न मागता ‘पास काढून ठेवलेत’ असं सांगणारा खोटं बोलतो. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, वयासाठी पासपोर्ट दाखवला की झालं. नऊ वर्षांच्या नातवाचे ६२ डॉलर यादीत धरलेले असतील तर बाकीची यादीही त्याच हाताने लिहिलेली आहे. कंबोडियाच्या ई-अरायव्हलचे, म्हणजे तिथे उतरताना लागणाऱ्या ऑनलाइन नोंदीचेही माणशी हजार-दोन हजार लावतात. ती सरकारी साइटवर फुकट होते. साइटच्या पत्त्याचा शेवट पाहा: व्हिएतनामची सरकारी साइट डॉट गव्ह डॉट व्हीएन, कंबोडियाची डॉट गव्ह डॉट केएच. डॉट कॉम असेल तर मध्ये दलाल बसलाय.

‘दिवाळी ऑफर’ हा आणखी एक सापळा, आणि यात कायद्याने हातही लावता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामात धो धो पाऊस पडतो, थू बोन नदीचं पाणी होई आनच्या पेठेत शिरतं. आपल्याकडे पाऊस संपला म्हणजे तिकडेही संपला असं नसतं. होई आनसाठी फेब्रुवारी ते मे बरे. अंकोरला नोव्हेंबरपासून कोरडं असतं. दोन्ही एकत्र करायचं तर फेब्रुवारी किंवा मार्च धरा, मुलांच्या परीक्षा सांभाळून.

आता पैसे कुठे जातात ते. सीमाभागात ऑफिस कोल्हापूरचं, माणूस बेळगावचा आणि खातं तिसऱ्याच राज्यातल्या ‘ट्रेडर्स’चं, असं सर्रास चालवून घेतलं जातं. पावतीवरचा जीएसटी क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे. कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा म्हणजे धंद्याचा पॅन. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता क्रमांक टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू की रद्द हे दिसतं. ते नाव आणि बँक खात्याचं नाव एकच हवं. एनईएफटी, आरटीजीएस करताना बँकेच्या ॲपवर खातेदाराचं नाव आधी दिसतं. वेगळं दिसलं तर तिथेच थांबा.

‘रोख द्या, टीसीएस वाचेल’ हे ऐकलं की उठून यावं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर आयोजकाला टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेऊन सरकारात भरायचा कर, घ्यावाच लागतो. तो पैसा बुडत नाही, तुमच्या पॅनवर जमा होऊन आयकरात वळता होतो. पुढच्या तिमाहीत आयकराच्या पोर्टलवरच्या तुमच्या कर-जमेच्या उताऱ्यात (२६एएस) तो दिसला नाही, तर त्याने तुमची सहल सरकारदरबारी दाखवलेलीच नाही. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे निदान बँकेकडे तक्रार करून परत मागता येतात, रोखीचे नाही.

करार केला तर तो वाचून घ्या. बोलणी मराठीत होतात, कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो, आणि ‘आयोजक फक्त मध्यस्थ आहे’ ही ओळ तिसऱ्या पानावर असते. शाळेत कन्नड शिकलेल्या पोरांना पाच मिनिटं बसवा.

फसल्याचं कळलं की पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, त्याच तासाला. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येतात. यूपीआयचा बारा आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. मग पोलीस ठाणं. कर्नाटकात जिल्ह्याच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) ठाण्यात सायबर गुन्हे घेतात. ‘ऑफिस कोल्हापूरचं, तिकडे जा’ असं सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा: हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेऊन मग तिकडे पाठवावी लागते. ग्राहक आयोगाचंही तेच. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत. दोन वर्षांची मुदत असते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, म्हणजे वरचे ४ लाख ६८ हजार त्यात बसतात.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका. ॲडमिनला ग्रुपमधले मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतात, आपोआप मिटणारे मेसेजही चालू करता येतात. शंका आली त्याच रात्री चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ई-मेलवर पाठवा, मगच त्याला फोन लावा.